विंडोज ११ : दिसणारे बदल आणि न दिसणारी सुधारणा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ ला आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम दहा वर्षं टिकली. तेवढ्या काळात आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या शाखा, सीएंची ऑफिसं, शाळांच्या संगणक खोल्या, सेवा केंद्रं, डीटीपीची दुकानं असा मोठा पसारा तिच्यावर स्थिरावला. आपल्या मशिनवर कोणती आवृत्ती आहे, हे पाहण्याची गरज कुणाला पडत नव्हती. आता पडते आहे. विंडोज ११ बाजारात आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्यानंतर तिची चार मोठी वार्षिक अपडेट येऊन गेली. एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमची परीक्षा घ्यायला एवढा काळ पुरतो.

निकाल आधीच सांगतो. विंडोज ११ मधली खरी सुधारणा पडद्यावर दिसत नाही. ती प्रोसेसर, मेमरी आणि संगणक सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत आहे. पडद्यावर जे दिसतं त्यातलं थोडं उपयोगाचं आहे, बरंचसं म्हणजे नुसती हलवाहलव आहे, आणि काही तर विंडोज १० मध्ये होतं ते काढून दोन वर्षांनी परत दिलेलं आहे. खरी सुधारणा कुणाच्या वाट्याला यावी हे ठरवताना मात्र कंपनीने जी रेघ ओढली, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

सुरक्षा हा विषय विंडोजच्या इतिहासात नेहमी उशिरा आणि कटकट घेऊन आला. २००१ ची एक्सपी लोकांना आवडली, पण फायरवॉल आपोआप चालू असण्यासाठी ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकची वाट पाहावी लागली. २००७ च्या व्हिस्टाने प्रत्येक महत्त्वाच्या बदलाआधी परवानगी विचारायला सुरुवात केली आणि लोक वैतागले. तोच पाया २००९ च्या विंडोज ७ ने जरा सौम्य करून वापरला, आणि श्रेय तिला मिळालं. अपडेट का लागतं हे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवून दिलं. ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती त्यांच्या फायली कुलुपात गेल्या. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंही त्यात सापडली. विंडोज १० आता हळूहळू त्याच अवस्थेकडे जाणार आहे: फटी सापडत राहतील, पण त्या बुजवायला नियमितपणे कुणी येणार नाही.

विंडोज ११ ने या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या वेगळ्या जपणारी चिप. ती मदरबोर्डवर स्वतंत्र असते किंवा प्रोसेसरच्याच फर्मवेअरमध्ये असते. दुसरी सिक्युअर बूट. संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी जो कोड चालतो त्याची सही ती तपासते, म्हणजे अँटिव्हायरस जागा होण्याआधीच आत शिरून बसणाऱ्या व्हायरसला अडथळा होतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रोसेसरच्या आभासीकरणाच्या क्षमतेचा उपयोग करून मेमरीचा एक भाग मुख्य विंडोजपासूनच वेगळा काढला जातो. वाड्यातल्या कोठीच्या खोलीची किल्ली कारभाऱ्याकडेही नसावी, तशी ही व्यवस्था आहे. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या सर्वांत आतल्या भागात, कोणता ड्रायव्हर चालू द्यायचा हे त्या वेगळ्या भागातून ठरतं, त्यामुळे कर्नल काबीज केलं तरी हल्लेखोराला मनमानी करता येत नाही. यातलं बहुतेक विंडोज १० मध्येही होतं, पण ते वापरणाऱ्याने शोधून चालू करायचं होतं. विंडोज ११ च्या नव्या मशिनवर ते पहिल्या दिवसापासून चालू असतं. सेटिंग्जमध्ये फारसं न डोकावणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी हा फरक फार मोठा आहे.

२०२४ च्या २४एच२ या अपडेटपर्यंत आणखी एक काम शांतपणे पुढे गेलं. कर्नलमधल्या चित्रांकनाच्या कोडचा काही भाग रस्ट भाषेत लिहून आला. मायक्रोसॉफ्टच्याच सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी सापडणाऱ्या सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. सी आणि सी++ मध्ये अशा चुका सहज होतात. रस्ट त्यातल्या बऱ्याचशा प्रोग्रॅम तयार होतानाच पकडते. जुन्या कोडच्या डोंगरापुढे हे काम अजून लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. याचा गाजावाजा कोपायलट या एआय सहायकाच्या मानाने काहीच झाला नाही, हे मला खटकतं.

आता त्या रेघेबद्दल. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, एएमडीच्या बाबतीत साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागतं. मेमरी आणि जागेची अट क्षुल्लक आहे. मशिनं अडली ती प्रोसेसरच्या अटीवर. २०१६-१७ मध्ये घेतलेला, सहाव्या-सातव्या पिढीचा, एसएसडी टाकल्यावर आजही चपळ चालणारा संगणक या यादीत बसत नाही. कारण सुरक्षेचं सांगितलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. वर सांगितलेली मेमरीची राखण जुन्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअरने करावी लागते आणि मशिन मंदावतं. नव्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय असते. पण ही सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आहे आणि सातवी पिढी बाहेर ठेवली गेली. एएमडीत ती झेन २ या रचनेच्या प्रोसेसरांपासून आहे, तरी त्याआधीची झेन प्लस यादीत घेतली गेली. सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या प्रोसेसरांना सूट मिळाली, त्यांत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मधला प्रोसेसर होता. म्हणजे नियम तांत्रिक होता, पण रेघ नेमकी तंत्राच्या जागी पडली नाही. कोट्यवधी संगणकांचं आयुष्य ठरवणारा निर्णय यापेक्षा काटेकोर असायला हवा होता. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर व्यासपीठावर विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचं म्हटलं होतं. त्या भरवशावर मशिनं घेणाऱ्या संस्थांना हे झोंबलं तर नवल नाही.

अशा मशिनवर अट डावलून ११ टाकून देणारे दुकानदार गावोगावी आहेत. ती चालतेही. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. २४एच२ पासून तर पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, तिचीच शाश्वती नसेल तर या मार्गाला मी पर्याय मानत नाही.

पडद्यावर येऊ. टास्कबारची चिन्हं मधोमध आली. ती डावीकडे नेता येतात, म्हणून त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण हा टास्कबार नव्याने लिहिताना कामाच्या गोष्टी गळाल्या. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय गेली आणि २०२२ मध्ये परत आली. उघड्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवण्याची सोय गेली. ती परत यायला २०२३ उजाडलं. एका वेळी पंधरा फायली उघड्या ठेवून काम करणाऱ्या डीटीपी ऑपरेटरला किंवा हिशेबनीसाला हा रोजचा त्रास होता. राइट क्लिकचा मेनू आटोपशीर केला, पण इतर सॉफ्टवेअरनी तिथे जोडलेल्या सोयी एका जादा क्लिकच्या मागे ढकलल्या. स्टार्ट मेनूत ‘शिफारस’ नावाचा भाग आला आणि २०२४ मध्ये त्यात अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅपची जाहिरात दिसू लागली. ती बंद करता येते. तरी पैसे मोजून घेतलेल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती मुळात का असावी, हा प्रश्न उरतोच. होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं अनिवार्य केलं गेलं, पुढे घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीतही ते आलं, आणि ते टाळण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या जात आहेत. गावातल्या शाळेत दहा मशिनं एका शिक्षकाने लावायची असतील, तर ही अट गैरसोयीची आहे.

चांगलंही काही आहे. खिडक्या पडद्यावर शेजारी-शेजारी बसवण्याची नवी मांडणी उत्तम आहे; एकीकडे पीडीएफ आणि एकीकडे टंकलेखन असं काम करणाऱ्याने ती एकदा वापरली की सुटत नाही. फाइल एक्सप्लोररला २०२२ मध्ये टॅब मिळाले. आरएआर आणि सेव्हन-झिप फायली वेगळं सॉफ्टवेअर न टाकता उघडतात. स्क्रीनशॉटच्या टूलमध्ये चित्रातला मजकूर उचलण्याची सोय आली. बोललेलं तिथल्या तिथे अक्षरांत दाखवणारी लाइव्ह कॅप्शनची सोय कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोलाची आहे, जरी ती आधी इंग्रजीपुरतीच आली. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक मॉडेलांत एकाच प्रोसेसरमध्ये जोरकस आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे असतात. कोणतं काम कुणाकडे द्यायचं हे ११ ला १० पेक्षा चांगलं कळतं.

एका सुधारणेबद्दल मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण ती वरदान आहे आणि संकटही. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला त्यातलं काही वाचता येत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली, की संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आपल्याकडे हे खातं अनेकदा दुकानदाराने किंवा भाच्याने घाईत काढून दिलेलं असतं, आणि त्याचा पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो. अशा वेळी लग्नाचे फोटो, जीएसटीची कागदपत्रं, प्रबंधाचं हस्तलिखित सगळं त्या डिस्कवर असतं आणि तरी मिळत नाही. कुलूप मोडून देणारा कोणी तंत्रज्ञ नाही. कुलूप तसंच बनवलं आहे. एवढी मोठी गोष्ट घडताना विंडोजने मालकाला ठळक अक्षरांत, त्याच्या भाषेत सांगायला हवं. आज ती तसं करत नाही. विंडोज ११ मधला सर्वांत गंभीर दोष मी हाच मानतो.

या कीचं महत्त्व १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष मायक्रोसॉफ्टच्या कोडमध्ये नव्हता. पण बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो आणि तो कोसळला की सगळं कोसळतं, ही रचना विंडोजची. दुरुस्तीसाठी बहुतेक मशिनसमोर माणूस बसवून एक फाइल पुसावी लागली, आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तिथे आधी ४८ अंक टाकावे लागले. त्यानंतर जी सुधारणा आली ती मला विंडोज ११ च्या जमेच्या बाजूला ठळकपणे मांडावीशी वाटते. सुरूच न होणारं मशिन आता रिकव्हरीच्या अवस्थेतून इंटरनेटला जोडून घेतं आणि मायक्रोसॉफ्टने पाठवलेला उपाय स्वतः शोधून बसवतं. अँटिव्हायरस कर्नलबाहेर काढण्याची तयारीही सुरू झाली आहे. निळ्या पडद्याचा रंग काळा झाला, तेवढ्याच्या बातम्या मोठ्या झाल्या. मागची ही दुरुस्ती खरी बातमी होती. अर्थात वाट सरळ नाही. विंडोज १० ची देखभाल ज्या दिवशी थांबली, त्याच दिवशी आलेल्या विंडोज ११ च्या अपडेटने रिकव्हरीच्या अवस्थेत यूएसबी कीबोर्ड आणि माउस बंद पाडले, आणि काही दिवसांत तातडीचं अपडेट काढावं लागलं. अपडेट बाहेर सोडण्याआधीची तपासणी वाढवायला हवी, हे यावरून उघड आहे.

कोपायलट आणि त्याच्या भोवतालच्या एआयबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण जाहिरातीच्या मानाने तिथे सामान्य वापरणाऱ्याच्या हाताला लागणारं कमी आहे. त्यातल्या रिकॉलची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवायचं आणि नंतर त्यात शोध घेऊ द्यायचा, अशी ही सोय २० मे २०२४ ला जाहीर झाली. थोड्याच दिवसांत संशोधकांनी दाखवून दिलं की टिपलेला मजकूर साध्या, सहज वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये पडून आहे. कंपनीने ती मागे घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती एन्क्रिप्शनसह, चेहरा किंवा बोट ओळखून उघडणारी आणि मालकाने मुद्दाम चालू केली तरच चालणारी अशी परत आणली. तीही फक्त १६ जीबी मेमरी आणि खास एआय चिप असलेल्या मशिनवर. टीका ऐकली गेली, हे चांगलं झालं. पण संपूर्ण सिस्टीममध्ये सुरक्षेचा एवढा आग्रह धरणाऱ्या कंपनीने पहिला आराखडा तसा जाहीर कसा केला, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

मराठीत काम करणाऱ्यांचं यात काय? देवनागरीच्या बाबतीत विंडोजमधली मोठी झेप जुनी आहे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी, मंगल फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आले. एक्सपीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा चौकोन टिचकून, सीडी घालून तो भाग वेगळा टाकावा लागे. व्हिस्टापासून ही कटकट संपली. इन्स्क्रिप्ट न येणाऱ्यांसाठी मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मे २०१९ च्या अपडेटमध्ये विंडोज १० लाच मिळाला. म्हणजे टंकलेखनासाठी ११ कडे धाव घेण्याचं कारण नाही. जाताना मात्र दोन ठिकाणी ठेच लागते. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासूनच ऐच्छिक भागात गेले आहेत. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की ते येतात, नाही तर मंगलमधली जुनी फाइल निर्मला या फॉन्टमध्ये उघडते आणि पानांची मांडणी हलते. दुसरी अडचण छपाईच्या व्यवसायात जास्त जाणवेल. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे १६-बिट काळातले प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि ज्यांचे ड्रायव्हर ३२-बिटवरच थांबले ते स्कॅनर, प्रिंटर आणि सॉफ्टवेअरच्या कुलपाचे डोंगल निकामी होतात. पेजमेकर आणि जुन्या फॉन्टवर वीस वर्षांचे दिवाळी अंक, पत्रिका, पाठ्यपुस्तकं ज्यांनी साठवली आहेत, त्यांनी मशिन बदलण्याआधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणि पानं पीडीएफमध्ये काढून ठेवावीत. हे काम कुणी बाहेरून येऊन करणार नाही, आणि त्या फायलींत मराठीचा मोठा ठेवा आहे.

तर मग काय करावं? मशिन यादीत बसत असेल, तर विंडोज ११ वर जा. नियमित अपडेट आणि आतली राखण एवढ्यासाठीच ते योग्य आहे, आणि अधिकृत विंडोज १० असणाऱ्यांना ते फुकट आहे. टीपीएम नाही असा संदेश आला तर आधी बायोसमध्ये पाहा, अनेक मशिनवर ते असतं पण बंद असतं. मशिन बसत नसेल, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत, एरवी ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये. व्यावसायिक संस्थांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत मिळते, पण पहिल्या वर्षाचा दर मशिनमागे ६१ डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो. त्या हिशेबात नवं मशिन स्वस्त पडू शकतं.

शाळा, वाचनालयं आणि ज्यांचं काम ब्राउझर, टंकलेखन आणि हिशेबाच्या तक्त्यांवर भागतं त्यांच्यासाठी लिनक्स हा खराखुरा पर्याय आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं त्यावर चालत आहेत. उबुंटू किंवा लिनक्स मिंट जुन्या सातव्या पिढीवर आरामात चालतं, देवनागरी आणि इन्स्क्रिप्टही नीट चालतं. टॅलीसारखं विंडोजसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर ज्यांना लागतं त्यांना हा मार्ग नाही. बाकीच्यांनी चालतं मशिन भंगारात काढण्याआधी एकदा हा मार्ग वापरून पाहावा.

आणि ज्यांच्या घरी-दारी विंडोज ११ आलेली आहे त्यांना एक विनंती: आज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ती ४८ अंकी रिकव्हरी की शोधा, कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.